खुंटीवरचे फोन आणि हवेतलं बटण

सन्माननीय अध्यक्षा, व्यासपीठावर बसलेले आपले संचालक डॉक्टरसाहेब, आदरणीय मेट्रनबाई, आजच्या सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांच्या ताई, पहिल्या रांगेत नव्या कोटात अवघडून बसलेले ताईंचे यजमान, त्यांच्या शेजारी आत्तापासूनच रुमाल शोधायला लागलेली त्यांची लेक, गणवेशातच धावतपळत आलेल्या माझ्या परिचारिका भगिनी, चालकबंधू, नियंत्रण कक्षातले सहकारी, आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली तमाम मंडळी! खुर्च्या कमी पडल्या, त्याबद्दल आधी माफी मागतो. किती माणसं येतील याचा अंदाज मी दिला होता, आणि ताईंच्या बाबतीत माझे अंदाज चुकतात हे या संस्थेत नवं नाही.

थोडक्यात बोला, अशी सूचना मला मिळाली आहे. ती आयोजकांकडून आलेली नाही. ताईंनीच मघाशी जिन्यात गाठून दिली. इतकी वर्षं त्यांच्या सूचना मी कितपत पाळल्या हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे तुम्ही निवांत बसा.

आज बोलायला माझं नाव निघालं तेव्हा मेट्रनबाई म्हणे पटकन बोलून गेल्या, "अहो, ते कसे बोलतील? ते तर ताईंचा विरोधी पक्ष!" मेट्रनबाई, माझा त्यावर आक्षेप नाही. मी विरोधी पक्षच होतो. पण एखाद्या माणसाकडे विरोधी पक्षाइतकं बारकाईनं दुसरं कोण बघतं, सांगा बरं? मित्रमंडळी कौतुक करून घरी जातात. आम्ही मात्र रात्रीचं जेवतानासुद्धा आता या बाई उद्या काय मुद्दा काढतील याचाच विचार करत असतो.

बाहेरची पाहुणेमंडळी आली आहेत, त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून देतो. आपली संस्था परिचारिकांना रुग्णांच्या घरी पाठवते. ज्यांना दवाखान्यात जाता येत नाही त्यांची जखम बांधणं, इंजेक्शन देणं, अंथरुणावरच्या माणसाला कुशीवर वळवणं, ही सगळी कामं आमच्या सिस्टर घरोघर जाऊन करतात. प्रत्येक सिस्टरच्या खिशात संस्थेचा एक फोन असतो. त्यात रुग्णाचा पत्ता, औषधं, डॉक्टरांच्या सूचना, जखमेचे फोटो, सगळं असतं. दुकानातून आणलेला कोरा फोन तसाच खिशात घालून भागत नाही. त्यात संस्थेची कुलपं, संस्थेचे प्रोग्रॅम, त्या त्या सिस्टरची ओळख भरावी लागते. फोन अ‍ॅक्टिव्हेट करणं म्हणतात ते हेच, आणि हे खातं ताईंचं.

ताईंची खोली तुम्हाला आठवते ना? लिफ्टच्या बाजूला, जिथं पूर्वी चादरी आणि अभ्रे ठेवायचे. चादरी गेल्या तरी धुतलेल्या कापडाचा वास कपाटांतून काही गेला नाही. आत एक लांब टेबल, त्यावर रबराची काळी चटई, भिंतीवर ओळीनं खुंट्या आणि त्यांना गुंडाळून टांगलेल्या केबल्या. टेबलाच्या अलीकडे एक खुर्ची, पलीकडे एक. सिस्टर यायची, समोर बसायची. ताई नवा फोन केबलनं संगणकाला जोडायच्या, पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगाईच्या चालीनं पुढे सरकायला लागायची. ताई त्या पट्टीकडे बघायच्याच नाहीत. चष्मा काढायच्या, पुसायच्या आणि म्हणायच्या, "हं. काय म्हणतंय घर?"

मी संस्थेत तंत्र विभागाचा प्रमुख म्हणून रुजू झालो आणि पहिल्याच आठवड्यात या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. बाहेर बाकावर सिस्टरांची रांग. एक जण घड्याळ बघतेय, एक जण पेशंटच्या सुनेला फोनवर समजावतेय, "हो हो, येतेय, थोडा उशीर होईल." गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून दोन बस बदलून आलेली एक जण चक्क पेंगतेय. आणि आत ताई एका सिस्टरला तिच्या सासूच्या गुडघ्याबद्दल विचारतायत!

अध्यक्ष महोदया, मी आधी जिथं काम केलं होतं तिथं केबल संग्रहालयात ठेवण्याच्या लायकीची झाली होती. तिथं सगळं बिनतारी. फोन खोक्यात बंद, थेट माणसाच्या घरी जायचा. त्यानं घरी खोकं उघडायचं, फोन चालू करायचा, नेटला जोडायचा. फोन स्वतःच ओळखायचा की आपण अमुक कंपनीचे, आणि लागेल ते सगळं आपणहून उतरवून घ्यायचा. कुणाला कुठं यावं लागायचं नाही, रांग नाही, बाक नाही. पुढे काही बदल करायचा असेल तर कार्यालयात बसून एकाच वेळी सगळ्यांच्या फोनवर पाठवता यायचा. ताईंच्या पद्धतीत मात्र केबलवर बसवलेल्या फोनात एक चिन्ह जरी हलवायचं असलं तरी तो फोन पुन्हा त्या खोलीत आणावा लागायचा. गाय जशी संध्याकाळी खुंटीला येते, तसा. म्हणून मी त्या खोलीला 'ताईंची खुंटी' म्हणायला लागलो. हे ताईंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवसापासून माझं बारशाचं नाव पुसलं गेलं आणि मी 'हवाईसाहेब' झालो. आजही नवी भरती झालेली मुलं मला हवाई दलातला समजतात.

मग बैठक झाली. त्या बैठकीला हजर असलेली मंडळी आत्ता गालात हसतायत. मी तक्ते दाखवले, रंगीत रेघा दाखवल्या, मुद्देसूद बोललो. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "खोकं घरी गेलं, उघडलं, आणि मध्येच अडकलं तर सिस्टरनं कुणाकडे बघायचं?"

"मदतीचा नंबर आहे."

"नंबरकडे बघता येत नाही, साहेब."

मी म्हणालो, "ताई, एका फोनपायी एका सिस्टरची अर्धी सकाळ जाते. तिकडे पेशंट ताटकळतो. त्या पेशंटनं कुणाकडे बघायचं?"

हा मुद्दा मी जिंकलो. हे मी मुद्दाम सांगतो, कारण निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्ती प्रत्येक वाद जिंकलेल्या दाखवायची पद्धत आहे. संचालकांनी मधला मार्ग काढला: लांबच्या भागातल्या सिस्टरांना फोन बिनतारी द्यायचे, जवळच्यांना केबलवर, आणि काही महिन्यांनी काय ते ठरवायचं.

ते महिने बाकी बहारीचे गेले. बिनतारी पक्षाची पहिली फजिती अशी की एका सिस्टरचं खोकं तिच्या यजमानांनी उत्साहानं उघडलं आणि 'बोट ठेवा' म्हटल्यावर आपलंच बोट ठेवलं. त्यानंतर त्या सिस्टरला पेशंटचं औषध बघायचं असलं की नवऱ्याला हाक मारावी लागायची. दुसऱ्या एकीच्या घरचं नेट शेजाऱ्यांचं निघालं, आणि शेजारी नेमके परगावी गेलेले. ताईंकडे अशा बातम्या माझ्या आधी पोचायच्या. जेवणाच्या सुट्टीत मी समोरून गेलो की त्या डबा उघडता उघडता म्हणायच्या, "काय हवाईसाहेब, आज हवा कशी आहे?"

पण मंडळी, हवा सुधारली. यजमानांची बोटं आवरली गेली, सूचना सोप्या भाषेत लिहिल्या गेल्या, लांबच्या सिस्टरांच्या सकाळी वाचल्या, पेशंटच्या घरचे तक्रारीचे फोन कमी झाले. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही याच व्यासपीठावरून छातीठोक सांगतो की माझं म्हणणं बरोबर होतं. संचालकांनी निर्णय दिला: यापुढे सगळे फोन बिनतारी. केबलची खोली बंद करायची, तिथं पुन्हा चादरी ठेवायच्या, आणि ताईंनी भांडार विभागात जायचं. मी मनातल्या मनात लाडू वाटले. ठरलेले शेवटचे काही फोन केबलवर बसवून देते, एवढंच ताई म्हणाल्या.

त्या शेवटच्या फोनांपैकी एक घ्यायला आली आपली सायकलसिस्टर.

तिला कोण ओळखत नाही? ऊन असो, वारा असो, पाठीवर पिशवी लावून सायकलवरून पेशंटची घरं घेते. कुणी लिफ्ट देऊ केली तरी म्हणते, "तुमची गाडी गल्लीत शिरत नाही." पुढे जे सांगणार आहे ते तिनंच मला नंतर सांगितलं, आणि आज इथं सांगायची तिची परवानगी आहे. ती परवानगी मी एकदा नाही, दोनदा विचारून घेतली आहे.

ती येऊन समोर बसली. ताईंनी फोन जोडला, पट्टी सरकायला लागली. नेहमी बडबड करणारी ही बाई त्या दिवशी गप्प. आणि मग एकदम म्हणाली, "ताई, फोन आपोआप वाजेल असं करता येतं का? म्हणजे, कुणी न करता?"

"गजर लावा की."

"गजर ओळखू येतो. खरा फोन आल्यासारखा वाजायला हवा."

"कुणाला ओळखू येतो?"

ती बोलेना. ताईंनीही पुन्हा विचारलं नाही. चष्मा पुसत बसल्या. पट्टी आपल्या चालीनं सरकत राहिली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि फोन पुरा झाल्याशिवाय उठून जायची सोय नव्हती. मग हळूहळू ते बाहेर आलं.

एका गल्लीत, तळमजल्यावरच्या मागच्या घरात एक आजी होत्या. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला, बोलणं जवळजवळ थांबलेलं, पायाला मोठी जखम. घरात त्या आणि त्यांचा मुलगा. सायकलसिस्टर आत आली की हा गृहस्थ दाराला आतून कुलूप घालायचा आणि चावी खिशात टाकायचा. हात लावला नाही, शिवी दिली नाही. जखम बांधून झाली की बोळात आडवा उभा राहायचा. "बसा की. एवढी काय घाई? चहा तरी घ्या." रोज थोडा जास्त वेळ, रोज थोडा जास्त जवळ. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. काय सांगायचं? झालं तर काहीच नव्हतं. आणि तक्रार केली तर आजींकडे जाणं बंद होणार, जखम तशीच राहणार. तिनं वेगळंच ठरवलं होतं. "या महिन्यानंतर सोडते मी नोकरी," ती ताईंना म्हणाली, "तोवर फोन तेवढा वाजता करून द्या."

ताई उठल्या, तिला बसायला सांगून दार नुसतं लोटलं आणि माझ्या केबिनमध्ये आल्या. मंडळी, त्या माझ्या केबिनमध्ये त्याआधी कधीच आल्या नव्हत्या. मला वाटलं, खोलीबद्दल भांडायला आल्या. मी खुर्चीत सावरून बसलो.

"हवाईसाहेब, तुमच्या त्या हवेतून एका वेळी सगळ्यांच्या फोनवर काय काय पाठवता येतं?"

"काय हवं ते येतं. का?"

"एक बटण पाठवायचंय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. नाव तेवढं सांगितलं नाही. बटण कसं हवं तेही त्यांच्या डोक्यात तयार होतं. फोन खिशातून बाहेर काढावा लागू नये. कडेची कळ लागोपाठ दाबली की नियंत्रण कक्षाला गुपचूप कॉल लागावा, तिकडचं बोलणं इकडे ऐकू यावं, आणि ती कुठल्या घरात आहे ते कक्षाच्या पडद्यावर दिसावं. इकडचा आवाज मात्र तिकडे जाता कामा नये.

मी म्हणालो, "होईल. पण ज्यांचे फोन बिनतारी बसवलेत त्यांनाच. केबलवरच्या फोनांना एकेक करून परत..."

"खुंटीला आणावं लागेल. ठाऊक आहे. म्हणूनच आलेय. केबलवरचे सगळे फोन मी हवेवर घेते. मीच घेते, आजपासून."

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "जिंकलात म्हणून आनंद नंतर करा. आधी बटण."

खोलीत परत जाऊन त्यांनी सायकलसिस्टरचा नुकताच तयार झालेला फोन आतून पुसून पुन्हा कोरा केला, केबल काढून खुंटीवर टाकली, आणि तोच फोन पहिल्यापासून बिनतारी पद्धतीनं बसवला. माझ्या सूचनांचा कागद समोर ठेवून, ओळ न ओळ वाचत! त्यात एक शुद्धलेखनाची चूकही काढली.

त्यानंतर केबलवर फोन असलेल्या एकेका सिस्टरला त्यांनी बोलावून घेतलं. समोर बसवायच्या. फोन आपला हवेतून काय ते उतरवून घेत असायचा, आणि ताई प्रत्येकीला एकच विचारायच्या: "असं कुठलं घर आहे का, जिथं जायला नको वाटतं?"

बऱ्याच जणी हसून नाही म्हणाल्या. सगळ्याच नाही म्हणाल्या नाहीत. कुणाच्या मागोमाग एका घरातला पाहुणा बसथांब्यापर्यंत यायचा. कुणाला पेशंट स्वतःच नको ते बोलायचा. एकीवर तर एका घरातले लोक मोठा कुत्रा मुद्दाम मोकळा सोडून गंमत बघायचे. कुणीही तक्रार केली नव्हती. प्रत्येकीला वाटत होतं की हे आपल्याच वाट्याला आलंय.

पुन्हा बैठक बसली. या खेपेस ताई आणि मी टेबलाच्या एकाच बाजूला. संचालकसाहेब, आपण मघाशी म्हणालात, जे झालं ते सरळ सांगा, म्हणून सांगतो. डॉक्टरसाहेबांना बटण पटलं नाही. ते म्हणाले, "घरच्या लोकांना कळलं तर? त्यांना वाटेल आपण त्यांच्यावर संशय घेतो. आपलं सगळं काम विश्वासावर चालतं."

ताई म्हणाल्या, "डॉक्टर, परक्या घराचा उंबरा ओलांडून एकट्या आत जातात त्या आमच्या मुली. विश्वास त्याच टाकतात, रोज, प्रत्येक दाराशी. त्यांच्या पाठीशी कोण आहे?"

"कोणत्या मुली? नावं द्या. मी एकेकीशी बोलतो."

"नावं नाही देणार. त्यांनी हे मला सांगितलंय, संस्थेला नाही."

डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असणार, हा तरी विरोधात बोलेल. मी म्हणालो, "साहेब, आपण हो म्हणा. दुपारच्या आत बटण प्रत्येक फोनवर असेल."

तेव्हा मेट्रनबाई बोलल्या. तोवर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मी घरं घेत होते तेव्हा असं काही असतं, तर..." आणि थांबल्या. वाक्य पुरं झालं नाही. पुरं करा असं कुणी म्हणालंही नाही. डॉक्टरसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "पाठवा."

बटण पाठवलं. ते हवेतूनच गेलं, हे इथं नम्रपणे नोंदवतो.

मग सायकलसिस्टर आपणहून मेट्रनबाईंशी बोलली. त्यांनी तिला सांगितलं की ते घर दुसऱ्या कुणाला देते, जोडीनं पाठवते. ती ऐकेना. "आजी माझ्या आहेत. जखम आत्ता कुठं लाल, भरत आल्यासारखी दिसायला लागलीय. दुसरी कुणी आली तर तीही त्याच बोळातून जाणार ना?" शेवटी असं ठरलं की ती त्या घरी जाईल तेव्हा आमची एक गाडी जवळच्या रस्त्यावर असेल, आणि खड्या आवाजाच्या सिस्टर त्याच गल्लीतला आपला पेशंट त्याच वेळी घेतील. या सिस्टर इथं दुसऱ्या रांगेत आहेत. त्यांचा परिचय करून देत नाही. त्यांनी नुसतं खाकरलं तरी सभागृहाला कळेल.

आणि तो दिवस आला. भर सकाळ होती, लख्ख ऊन. मी नियंत्रण कक्षात होतो. ताई कक्षातल्या मुलीला चार्जर द्यायला म्हणून आल्या होत्या. चार्जर देऊन झाला होता, पण ताई काही जात नव्हत्या. पडद्यावर लाल ठिपका उमटला. कक्षातल्या मुलीनं आवाज मोठा केला.

आधी नुसती खरखर. मग एका पुरुषाचा आवाज, अगदी गोड.

"कुठं निघालात? काम झालं म्हणजे लगेच जायचं का? बसा की."

"दार उघडा. पुढच्या घरी वाट बघतायत." हा आपल्या सिस्टरचा आवाज. सरळ, पण मी तिला इतक्या वर्षांत तशा आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

"बघू दे की वाट. चावी माझ्याकडे आहे."

कक्षातल्या मुलीनं गाडीला कळवलं, खड्या आवाजाच्या सिस्टरना कळवलं. आवाज मध्येच तुटला. तळमजला, मागची बाजू, जाड भिंती. ताईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुमची हवा टिकेल ना?"

"टिकेल," मी म्हणालो. मी नेहमी ठामपणे बोलतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या वेळी नजर मात्र पडद्यावरच्या ठिपक्यावरून हलवली नाही.

आवाज परत आला. काही तरी खाली पडल्याचा, स्टीलच्या भांड्यासारखा. सिस्टर म्हणाली, "मागे सरका." आणि मग तिसराच आवाज आला. जाड, अडखळता, एकेक शब्द ओढून आणलेला.

"उघड... दार."

"आई, तू झोप बरं."

"घर... माझं आहे. माझ्या घरात... तिला... कोंडायचं नाही. उघड."

आजी बोलत होत्या. झटका आल्यापासून पाणी, दुखतं आणि नको याखेरीज ज्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता, त्या आजी. आणि मग बेल. बेलच्या पाठोपाठ आमच्या सिस्टर: "दार उघडा! नाहीतर सगळी गल्ली इथं गोळा करते!" हे आम्हाला फोनमधून ऐकू आलं. ताई म्हणतात, खिडकीतूनही आलं. गल्ली तिथून बरीच लांब आहे, पण मी वाद घालत नाही.

कुलूप उघडल्याचा आवाज मी आजवर इतका कान देऊन कधी ऐकला नव्हता.

सायकलसिस्टर बाहेर आली. तिच्या हातात ड्रेसिंगची ताटली तशीच होती. खड्या आवाजाच्या सिस्टरनी ती तिच्या हातातून घेतली आणि तिला गाडीत बसवलं. इकडे कक्षात ताई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी द्या कुणीतरी." पाणी प्यायल्या. मग माझ्याकडे वर बघून म्हणाल्या, "चालतं हो तुमचं, हवाईसाहेब."

इतक्या वर्षांत माझं त्यांनी केलेलं कौतुक ते एवढंच.

पुढचं भराभर सांगतो. संचालकसाहेब स्वतः सिस्टरबरोबर पोलिसांत तक्रार द्यायला गेले आणि लिहून होईपर्यंत तिच्या शेजारच्या खुर्चीतून उठले नाहीत. आजींच्या लेकीला कळवलं. ती आली, आईला आपल्या घरी घेऊन गेली. सायकलसिस्टर तिथंही जात राहिली, आणखी लांब, आणखी चढावर. जखम भरली. शेवटच्या दिवशी आजी भिंतीला धरून दारापर्यंत पोचवायला आल्या, असं त्यांची लेक सांगते. आणि नोकरी सोडायचा विषय सिस्टरनं पुन्हा काढला नाही.

चादरींचं काय झालं? चादरी तळघरात गेल्या. खोली ताईंकडेच राहिली. आज आपल्या संस्थेत एकही फोन केबलवर नाही. सगळे बिनतारी, हा माझा हट्ट पुरा झाला. पण नव्या सिस्टरनं आपलं खोकं उघडायचं ते त्या खोलीत, त्या खुर्चीवर बसून. फोन स्वतःचं स्वतः उतरवून घेतो, कुणी काही करावं लागत नाही, आणि तेवढा वेळ ताई काय करायच्या ते मी सांगायला नको. लांबच्या भागातल्या सिस्टरांना इथवर यावं लागू नये म्हणून ताई खोकी गाडीत घालून त्यांच्याकडे जायच्या. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या स्वयंपाकघरात बसून फोन चालू करून द्यायच्या. त्यांचे यजमान बेकरी चालवतात, त्यामुळे ताईंच्या गाडीत फोनांच्या जोडीला गरम पावही असायचे. काही सिस्टरांचे फोन सारखेसारखे बिघडायला लागले, त्याचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं.

ताई, तुम्ही घडवलेलं हे काम आता पुढच्या मंडळींच्या हाती आहे. ती हुशार आहेत, आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांना गप्प बसता येतं. मी काही महिने त्यांच्यावर लक्ष ठेवून होतो. काम नीट चालेल. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून कधी काही बोललोय का?

राहता राहिली एक गोष्ट. तुमच्यापैकी काही जण केव्हापासून मागे वळून दाराकडे बघतायत, ते मला इथून दिसतंय. सायकलसिस्टर कुठं आहे? काल मी तिला म्हणालो, "उद्या यायचं, दोन शब्द बोलायचे. ताईंसाठी तुझ्याहून जास्त कुणाला बोलायचा अधिकार आहे?"

ती सायकलला पिशवी बांधत होती. म्हणाली, "उद्या दुपारी मला नवं घर आहे. पहिलाच दिवस. पेशंटला कळवून झालंय."

"दुसरी कुणी जाईल की."

"नको. मीच जाते."

"मग ताईंना काय सांगू?"

तिनं थोडा विचार केला. मला वाटलं, काही मोठं सांगेल. मी लिहून घ्यायला पेनही काढलं. ती म्हणाली, "सांगा, मी कामावर आहे."

ताई, ती कामावर आहे. आत्ता, आपण इथं पंख्याखाली बसलोय तेव्हा, कुठल्या तरी अनोळखी दाराची बेल वाजवून ती आत गेली असेल.

माझं बोलणं इथं संपवतो. आपण सर्वांनी माझं ऐकून घेतलंत, मागच्यांनी तर उभ्यानं ऐकलंत, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांचं आयुष्य मी त्यांच्यासमोर असं उघड्यावर मांडलं त्या ताईंचे, आपल्या हक्काच्या माणसाला इतकी वर्षं आमच्यासाठी मोकळं सोडणाऱ्या त्यांच्या यजमानांचे आणि लेकीचे आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, एखादं नाव सुटलं असेल, शब्द जास्त झाला असेल, तर तो माझ्या हवाई स्वभावाचा दोष समजून पोटात घाला. ताई, थोडक्यात बोललो नाही, त्याबद्दल मात्र क्षमा मागत नाही.

धन्यवाद.